लंकाबाईचा गळा, बिभीषणाचे कान

लंकाबाईला रस्त्याकडे पाठ करून उभं करा आणि पलीकडच्या कुंपणाआड कुणीतरी झाड कापायचं मशीन चालू करू द्या. ती मागे वळणार नाही, हातातली तांदळाची ताटली खाली ठेवणार नाही. नुसती मान तिरकी करील आणि म्हणेल, "साखळी बोथट हाय. आन् धरनारा नवा हाय, लाकूड संपलं तरी रेस सोडीत न्हाई."

एवढ्यावर थांबली तर ती लंकाबाई कसली! ती ते मशीन करूनही दाखवते. धारदार साखळीचं "र्रँऽऽऽ" वेगळं, बोथट साखळीचं "घुर्र… घुर्र…" वेगळं. पातं फांदीत अडकल्यावर मशीन जे कण्हतं, ते तर असं करते की ऐकणाऱ्याने आपलंच बोट कुठे चेमटलं का ते बघावं. माणसं तर तिच्या गळ्यात बिनभाड्याने राहतात. ठेकेदार काकासाहेब, ज्यांचं प्रत्येक वाक्य "माझं म्हननं काय" असं सुरू होतं आणि म्हणणं काय ते शेवटपर्यंत कळत नाही. सुप्याच्या कारखान्याचा वॉचमन, जो "रुको" म्हणताना छाती वापरतो आणि "साहब" म्हणताना कंबर. चहा हवा असला की आधी तीनदा खोकणारी चुलतसासू.

पण सगळ्यांत हुबेहूब नवरा. बिभीषणाचा आवाज खरखरीत, निम्मा नाकातून येणारा, आणि प्रत्येक शब्दाचं शेपूट गिळणारा. लंकाबाईने तो काढला की अंगणातली कोंबडी बिभीषण आला समजून पायरीवरून उठते.

त्यांच्या लग्नात पाथर्डीकडच्या वऱ्हाड्यांनी हसून हसून मांडव हलवला होता. "बिभीषणाला लंका मिळाली रं बाबा, रामायन सुफळ झालं!" तेव्हापासून तेवीस वर्षं ही थट्टा चालू आहे. लंकाबाई ती थट्टाही करून दाखवते, करणाऱ्याच्या आवाजात.

पहिली दहा वर्षं दोघांनी ऊस तोडला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम विचारतो, "किती कोयते?" आणि वीस कोयते म्हणजे माणसं चाळीस. बिभीषण आणि लंका हा एक कोयता. तो तोडायचा, ती मोळी बांधायची. एकाचा हात थांबला की दुसऱ्याचा आपोआप थांबायचा.

मग एका उन्हाळ्यात सुप्याच्या रस्त्यावर वादळाने लिंबाचं झाड विजेच्या तारेवर कललं. काकासाहेबांची माणसं खाली उभी राहून वर बघत होती आणि बिभीषण कमरेला सोल, म्हणजे जाड दोर, बांधून खारीसारखा वर गेला होता. लंकाबाई खालून सोलाचं दुसरं टोक बुंध्याला वेढा देऊन धरून होती. फांद्या एकेक करून अशा उतरल्या की तारेला ओरखडा नाही. काकासाहेब म्हणाले, "माझं म्हननं काय, तुमी ऊस कशाला तोडता?" त्यांचं पुरतं झालेलं हे पहिलंच वाक्य. त्या साली दोघांनी सुप्याला खोली केली आणि कोयता तिच्या आढ्यात खोचला गेला तो गेलाच. दोघं झाडाची माणसं झाली. तो वर, ती खाली.

मशीन दोन वर्षांनी आलं. बिभीषणाला ते इतकं आवडलं की पहिल्या दिवशी त्याने ते उशाला घेऊन झोप काढली. अकरा वर्षं ते त्याच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर ओरडत राहिलं. कानात कापूस घालावा एवढंही कुणी सुचवलं नाही.

आधी गेला कोकीळ. "औंदा कोकीळ वरडला न्हाई," बिभीषण म्हणाला, आणि कोकीळ समोरच्या आंब्यावर बोंबलत होता. मग गेली कुकरची शिट्टी. मग लंकाबाईची हाक. "तू लई हळू बोलतीस आताशा," असं तो तिला म्हणायचा. आणि लंकाबाई? तिची हळू आवाजातली चुगलीसुद्धा तिसऱ्या दारापर्यंत जाते.

तिला कळलं होतं. त्यालाही कळलं असावं. पण दोघांनी तो शब्द घरात येऊ दिला नाही. झाडावरचा माणूस बहिरा म्हटला की ठेकेदार त्याला खाली उतरवतो, आणि खाली उतरलेल्या माणसाला पुन्हा मुकादमाची पायरी. लंकाबाईने मग एक सुतळी काढली. बारीक, हिरवी, नायलॉनची. एक टोक बिभीषणाच्या कमरपट्ट्याला, दुसरं तिच्या मनगटाला. एक झटका म्हणजे कापा, दोन म्हणजे थांबा, लांब ओढ म्हणजे खाली या. लोकांना दिसायचं की बाई खालून "अवो" म्हणते आणि तो लगेच थांबतो. काय जोडी हाय, म्हणायचे.

एकदा ती सुतळी साखळीत ओढली गेली होती. लंकाबाईचं मनगट हिसक्याने वर गेलं आणि मग वीतभर तुकडे भुरभुरत खाली आले. ते तिने पदरात गोळा केले आणि दुसऱ्या दिवशी नवी सुतळी बांधली.

तीन वर्षं असं चाललं. आणि या वैशाखात काकासाहेब खोलीवर आले.

"माझं म्हननं काय," ते उंबऱ्यातच बसले, "कारखान्याचा नवा कायदा. मशीन घेऊन झाडावर चढनाऱ्याला कार्ड पायजे. तीन दिवसाचं ट्रेनिंग, तिसऱ्या दिशी परीक्षा. कार्ड नसंल तर गेटवरूनच माघारी. पावसाळ्याच्या आधी आत तीनशे झाडं छाटायची हायेत, माझं म्हननं…"

"मला काय शिकिवत्यात?" बिभीषण म्हणाला. "झाडाला इचारा जा, मी कोन हाय."

"झाड कार्ड देत न्हाई, बिभीषणराव."

लंकाबाईने सुतळीकडे पाहिलं. ती खुंटीवर होती.

*

ट्रेनिंग सुप्याच्या पुढे एका जुन्या नर्सरीच्या आवारात होतं. लिंब, गुलमोहर, निलगिरीची रांग. चढणारे बाराजण आले होते, खाली दोर धरणारे वेगळे, त्यांत काही बायकाही. शिकवायला राजेश्वरी नावाची बाई होती, अकोले तालुक्याच्या डोंगरातली, तिशीतली, उन्हाने भाजलेली. लहानपणी कडे चढायची, मग दोर शिकली, मग झाडं. हनुवटीखाली तिला आडवा व्रण होता. बोलणं कसं, तर प्रत्येक तिसऱ्या वाक्याला खुंटी ठोकल्यासारखं, "बरोबर का चूक?"

हजेरी झाली. यादीत बिभीषणाचं नाव होतं, लंकाबाईचं नव्हतं. ती मागच्या ओळीत डबा मांडीवर घेऊन निवांत बसली होती.

"तुम्ही कोण, ताई?"

"आमी एक कोयता हाओत," लंकाबाई म्हणाली.

निम्मा वर्ग हसला. म्हणजे ज्यांनी ऊस तोडला होता तो. राजेश्वरीला कळायला थोडा वेळ लागला. काकासाहेबांनी फॉर्म भरताना जुन्या सवयीने दोन माणसांचं एकच नाव लिहिलं होतं आणि दोघांनाही त्यात काही खटकलं नव्हतं.

"वर किती चढता?"

"मी न्हाई चढत. मी खाली असते. ह्यांचा दोर माझ्याकडं."

राजेश्वरीने पेन काढलं. "मग तुमचं नाव आधी पाहिजे. वर चढणाऱ्याचा अर्धा जीव खालच्याच्या हातात असतो. बरोबर का चूक?"

"बरूबर," लंकाबाई म्हणाली.

पहिल्या दिवशी अंगावर घालायची सामग्री वाटली. जाळीचं हेल्मेट, साखळी अडली की धागे सोडून तिला जागीच जाम करणारी जाड पँट, बूट. बूट बघून बिभीषणाने तोंड कडू केलं. पण हेल्मेटला कान झाकणारी टोपणं होती, ती घातल्यावर त्याचा चेहरा असा खुलला की जणू घरचा देवच सापडला. लंकाबाईला कारण लगेच उमगलं. टोपणं घातलेल्या माणसाकडून कुणी ऐकायची अपेक्षाच करत नाही! त्याने ती दुपारी भाकरी खातानाही काढली नाहीत.

मशीन हवेत झुलवून दोरी ओढायची आणि चालू करायचं, ही सगळ्यांची सवय. राजेश्वरीने ती पहिल्या तासात मोडली. मशीन जमिनीवर, त्याच्या मागच्या मुठीत बुटाचं टोक, ब्रेक लावलेला, मग ओढा. झाडावर असलात तर ब्रेक लावून, अंगाशी घट्ट धरून. एका हाताने कापायचं नाही. खांद्याच्या वर कापायचं नाही. कापताना दोन ठिकाणी बांधलेलं असायचं, एक वरून आलेला दोर, एक बुंध्याभोवतीचा, आणि बुंध्याभोवतीच्याच्या पोटात पोलादी तार. कारण मशीनला दोर आणि फांदी यांतला फरक कळत नाही. मग तिने पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा खडूने पांढरा केला.

"हा कोपरा लाकडाला टेकला की मशीन उलटं उसळतं. तुमच्या डोळ्याची पापणी मिटायच्या आत तोंडाशी येतं." तिने हनुवटी वर केली. "मी जाळी वर ढकलली होती. घाम पुसायला. किती वेळ? घाम पुसायला लागतो तेवढाच."

नेवाशाकडचा भागवत म्हणून एक गडी होता, दोन झाडांत एक विनोद करणारा. त्याने हळूच आपली जाळी खाली ओढली.

दुपारी डबे सुटल्यावर लंकाबाईने कंबरेवर हात ठेवले, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "भाकरी दोन हातांनी धरायची. खांद्याच्या वर ठेचा न्यायचा न्हाई. बरोबर का चूक?" भागवतला ठसका लागला. राजेश्वरी मागेच उभी होती. तीही हसली, आणि लंकाबाईला ती बाई आवडली. आवडली म्हणून जास्तच भीती वाटली.

*

दुसऱ्या दिवशी हाका शिकवल्या.

"वरच्याने विचारायचं, 'खाली मोकळं?' खालच्याने चारी बाजू बघून म्हणायचं, 'मोकळं!' धोका दिसला तर चढणाऱ्याचं नाव घेऊन, 'थांब!' वरून 'थांबलो!' असं उत्तर येईपर्यंत खालच्याने फांदीच्या छायेत पाय टाकायचा नाही. उत्तर आलं तर जायचं. चला, लंकाताई, तुमची जोडी."

बिभीषण लिंबावर चढला. मशीन बंद, नुसता सराव. लंकाबाईने वर पाहून म्हटलं, "अवो, थांबा!"

"अवो कोण? या आवारात आत्ता तीन झाडांवर तीन अवो आहेत. नाव घ्या."

बाया-माणसांत हशा. "घे की गं नाव!" "उखाना घे!" भागवत तर टाळ्याच वाजवायला लागला. लंकाबाईने पदर दातात धरला. लाज नव्हती ती. नाव घेऊन ओरडलं काय आणि न ओरडलं काय, वर पोचणार नव्हतं, आणि लाजण्याच्या आड हे झाकून जात होतं. तिने उखाणा घेतला:

"कडुलिंबाच्या फांदीला बांधला झोका,
बिभीषणरावांचं नाव घेते, खाली कुनी उभं राहू नका!"

"वा," राजेश्वरी म्हणाली, "पण तेवढ्यात फांदी खाली येऊन सरपणही झालं असतं. नुसतं नाव. बरोबर का चूक?"

मग लंकाबाईने घेतलंच. "बिभीषण, थांब!"

वर तो लिंबोळ्या न्याहाळत बसला होता. उत्तर येईना. राजेश्वरीने मान वर केली. एक क्षण, दोन क्षण. आणि मग खरखरीत, निम्मा नाकातून, शेपूट गिळलेला आवाज आला, "थांबलोऽ!"

"छान," राजेश्वरीने वहीत खूण केली.

लंकाबाईने पदर तोंडावरून काढला. आजवर तिने त्या आवाजात कोंबडी फसवली होती, चुलतसासू फसवली होती. पण त्यातून काही मिळवलं नव्हतं.

बिभीषण खाली उतरला तेव्हा राजेश्वरीला सुतळी दिसली. "हे काय लोंबतंय?"

"नवसाचं हाय," लंकाबाई पटकन म्हणाली. "मढीच्या नाथाचं."

"नवस असेल तर सात वेढे देऊन शर्टाच्या आत बांधा. साखळीजवळ लोंबतं काही ठेवायचं नाही. जे लोंबतं ते साखळी ओढते. उद्या परीक्षेला दिसली तर चढू देणार नाही."

त्या संध्याकाळी खोलीवर लंकाबाईने त्याच्या पाठीमागे उभं राहून हाक मारली. एकदा, दोनदा. तो चप्पल दुरुस्त करत राहिला. मग ती समोर आली आणि त्याच्या तोंडासमोर बोलली. "सांगून टाकू त्या बाईला. चांगली हाय ती."

"काय सांगायचं? मला ऐकू येतंय."

"मी काय म्हनले आत्ता? मागं उभी राहून?"

बिभीषणाने चप्पल उलटी केली, सुलटी केली. "जेवायला चल म्हनलीस."

"बाबळीचं झाड पडलं म्हनले."

त्याने चप्पल खाली ठेवली. मग म्हणाला, "आढ्यातला कोयता काढू का मग? उद्याचा एक दिस निभावू दे. कार्ड हातात आलं की तुझी सुतळी हायच."

लंकाबाईने ताट वाढलं. त्याचं म्हणणं तिला पटलं नव्हतं. पण आढ्यातला कोयता तिने ताट वाढता वाढता दोनदा पाहिला.

*

तिसऱ्या दिवशी राजेश्वरीने जोड्या बदलल्या.

"कामावर नवरा-बायको नसतात. वरचा असतो आणि खालचा असतो. बिभीषण वर, भागवत खाली. लंकाताई, तुम्ही पुढच्या झाडाला. तोवर कडेला उभ्या राहा."

रंगवलेल्या दोरीने जमिनीवर गोल आखला होता, फांदी पडेल तेवढा. गोलाच्या बाहेर, दोराला बांधलेला एक माठ होता आणि त्याला कुणाचा तरी जुना शर्ट घातलेला. परीक्षेत मधूनच राजेश्वरी तो माठ ओढून गोलात आणणार, म्हणजे खालून कुणी बेसावध माणूस आल्यासारखं. खालच्याने ओरडायचं, वरच्याने थांबायचं, खालच्याने जाऊन 'माणूस' बाहेर काढायचा.

बिभीषण चढला. आणि चढताना बघावं तर त्यालाच. बूट घालूनही फांदीला त्रास नको अशा बेताने पाय. वरचा दोर, बुंध्याचा दोर, दोन्ही बांधले, हाताने ओढून बघितले. मशीन ब्रेक लावून चालू केलं. "खाली मोकळं?" विचारलं, भागवतचे "मोकळं!" म्हणणारे ओठ बघितले आणि पहिली फांदी घेतली: आधी खालून थोडं, मग वरून, म्हणजे साल न सोलता फांदी अलगद सुटते. ती गोलाच्या बरोबर मधे पडली. बघणाऱ्यांनी "हाँ!" केलं. लंकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. काय काम होतं त्याचं!

दुसरी फांदी मोठी होती. त्याने खालून काप घेतला. मशीन बाहेर काढलं, पाय बदलायला रेस सोडली. आवाज उतरून नुसता गुरगुरत राहिला.

राजेश्वरीने माठ ओढला.

"बिभीषण, थांब!" भागवत ओरडला.

वर काहीच नाही. बिभीषण पाय बदलत होता, पाठ खालच्यांकडे.

"बिभीषण! थांब!"

राजेश्वरीचं पेन वहीवर थांबलं. ती वर बघत होती. लंकाबाईला ते पेन दिसलं, आढ्यातला कोयता दिसला, आणि तिच्या गळ्याने तिला न विचारताच काम केलं.

"थांबलोऽ!"

भागवतने ऐकलं. मशीन तर गुरगुरतच होतं, थांबल्यासारखं. शिकवल्याप्रमाणे उत्तर आलं होतं. तो गोलात शिरला आणि माठाच्या शर्टाला धरून वाकला.

वर बिभीषणाने पाय रोवला, मशीन वरच्या बाजूला टेकवलं आणि रेस दिली. र्रँऽऽऽ. चांगल्या धारेचं.

राजेश्वरीने शिट्टी फुंकली. ती शिट्टी आवाराबाहेर रस्त्यावरच्या टेम्पोवाल्यालासुद्धा ऐकू गेली असेल. वर गेली नाही. लंकाबाई तेव्हा धावत होती, आणि ओरडत होती ती कुणाच्याच नाही, स्वतःच्या आवाजात, तिसऱ्या दारापर्यंत जाणाऱ्या. "भागवत, मागंऽऽ! ते थांबल्यालं न्हाई! मागं हो!"

भागवत मागे उडाला तो पाठीवर पडला. फांदी आली. माठाचा चुरा झाला. फांदीच्या शेंड्याचा पाला भागवतच्या बुटांवर येऊन थरथरत थांबला.

वर बिभीषणाने मशीन बंद केलं, ब्रेक लावला, आणि खाली आपल्या कामाकडे समाधानाने बघितलं. फांदी गोलात बरोबर मधे होती. मग त्याला पडलेला भागवत दिसला, सगळ्यांचे चेहरे दिसले, आणि माठावरचा शर्ट.

*

बिभीषण उतरेपर्यंत भागवत उठून बसला, स्वतःचे पाय चाचपले आणि म्हणाला, "हायेत. दोन्ही हायेत." पण हसला नाही.

"थांबलो म्हणाले ना ते?" राजेश्वरीने विचारलं. "मीही ऐकलं."

"ते न्हाई म्हनले," लंकाबाई म्हणाली. "मी म्हनले."

कुणालाच कळेना. मग तिने तोच शब्द पुन्हा त्याच आवाजात म्हटला, हळू, आणि एरवी जिथे टाळ्या पडायच्या तिथे भागवतच्या अंगावर काटा आला. तिने बिभीषणाच्या शर्टाखालून सुतळी ओढून काढली, सात वेढे एकेक करून, आणि राजेश्वरीच्या हातात दिली. नवस नाही. कोकीळ, कुकर, तीन वर्षं, साखळीत गेलेले तुकडे, कालचं उत्तर, सगळं सांगितलं. बिभीषण तिच्या ओठांकडे बघत उभा होता. जितकं वाचता आलं तितकं त्याने वाचलं असावं, कारण मधेच त्याने हेल्मेट काढलं. टोपणांसकट.

"भागवतराव," तो म्हणाला, "माझ्या हातून…"

"ऱ्हाऊ द्या," भागवत म्हणाला. मग त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून समोर येऊन, हात हलवून, मोठ्याने: "ऱ्हाऊ द्या! माठ गेला. मी हाय."

राजेश्वरीने बराच वेळ सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली. "शिट्टी आणि हात, दोन्ही लावायला पाहिजे होते मी. एकट्या ऐकण्यावर सोडलं, ही माझी चूक," ती म्हणाली. "पण बिभीषणदादा, कान तपासल्याशिवाय मशीन घेऊन वर नाही. आज कार्ड नाही." मग लंकाबाईकडे वळली. "तुम्हालाही नाही."

"व्हय," लंकाबाई म्हणाली.

"का, ते सांगा."

"वरच्याचं उत्तर खालच्यानं द्यायचं न्हाई."

या वेळी राजेश्वरीने 'बरोबर का चूक' विचारलं नाही.

*

काकासाहेबांचं म्हणणं या वेळी लांबलं. "माझं म्हननं काय, तीनशे झाडं… माझं म्हननं…" पण म्हणता म्हणता त्यांनीच नगरच्या दवाखान्याचा पत्ता आणून दिला. तपासणीत निघालं की उजवा कान फार गेलाय, डावा निम्मा. मशीनचा आवाज आणखी पडला तर राहिलेलाही जाईल. डाव्या कानात ऐकायचं यंत्र बसलं. परतीच्या एसटीत बिभीषण पारनेर फाट्यापर्यंत अंग चोरून बसला होता. "लंके, तुझ्या बांगड्या एवढ्या वाजत्यात?"

"तेवीस वरीस वाजत्यात."

"आन् मी खातानी असाच आवाज करतो?"

"करून दाखवू?"

"नगं," तो घाईने म्हणाला.

पंधरा दिवसांनी पुढच्या तुकडीत दोघं पुन्हा बसली. या खेपेला यादीत नावं दोन होती. हाकेबरोबर हात वर करायची खूण आली होती. वरच्याने प्रत्येक कापाआधी खाली बघायचंच, आणि खालच्याचा हात दिसल्याशिवाय काप नाही. लंकाबाईला खालच्या माणसाचं कार्ड मिळालं. बिभीषणाचंही मिळालं, पण त्यावर राजेश्वरीने लाल शाईने लिहिलं होतं: फक्त हातकरवत. मशीनची फांदी भागवत घेणार, बारीक आणि अवघड फांद्या बिभीषण. मजुरी थोडी उतरली. कोयता मात्र आढ्यातच राहिला.

कार्ड मिळाल्यावर दोघं पहिल्यांदा कारखान्यात गेली. वॉचमनने "रुको" केलं, छातीने. लंकाबाईने कार्ड दाखवलं आणि "साहब" म्हणाली, त्याच्याच कंबरेने. तो हसावं की रागवावं या विचारात असताना दोघं आत गेली.

लिंब जुना होता. बिभीषण वर गेला, दोन्ही दोर बांधले, ओढून बघितले, करवत काढली. खर्र, खर्र, खर्र. मशीन नसल्यामुळे आवारात इतकी शांतता होती की भुसा पानांवर पडताना वाजत होता. अर्धी फांदी झाली आणि कार्यालयातून कुणी साहेब मोबाईलवर बोलत बोलत, खाली बघत, सरळ गोलाकडे यायला लागला.

लंकाबाईने हात वर केला. "बिभीषण, थांब!"

नाव आता सहज यायचं. झाडावर असेतो नाव, खाली उतरला की पुन्हा अवो, असं तिने ठरवून टाकलं होतं.

खर्र, खर्र.

गळ्यात तो शब्द आला. तयार, खरखरीत, निम्मा नाकातला. लंकाबाईने ओठ घट्ट मिटले आणि साहेबाच्या वाटेत आडवी उभी राहिली. "बिभीषण!" ती पुन्हा ओरडली, स्वतःच्या आवाजात, आणि वर बघत राहिली.

करवत थांबली. पानांतून एक तोंड खाली वाकलं, डाव्या कानाला हात लावून यंत्र नीट करत.

"थांबलो," बिभीषण म्हणाला. जरा उशिरा, शब्दाचं शेपूट गिळून.